उजव्या फ्लोटचा पाचवा कप्पा

विमान उलटं झालं तेव्हा मी डोकं खाली, पाय वर अशी पट्ट्याला लोंबत होते आणि तळ्याचं पाणी नाकातोंडात शिरत होतं. तुम्ही पुढच्या सीटवरून ओरडलात, "आधी दार धर! दार धरल्याशिवाय पट्टा सोडू नको!" मी दार धरलं. मग पाणी डोळ्यांवर आलं आणि पुढचं काही ऐकू आलं नाही. पट्टा सुटला, पण मी सुटले नाही. पदर सीटखालच्या पट्टीत अडकला होता. पाणी इतकं गार होतं की आपल्याला हात आहेत की नाहीत तेच कळेना. देव आठवला नाही, खोटं कशाला सांगू? "आता मेले," एवढं डोक्यात आलं, आणि घरी कणीक मळून ठेवलीय ती आंबणार, हे.

तुमचा हात आला. तुम्ही पदर ओढून बघितला. तो येईना, तेव्हा तुम्ही माझ्या निऱ्याच उपसल्या आणि सबंध साडी तिथेच ठेवून मला दारातून बाहेर लोटलंत. मी वर आले ती परकर-पोलक्यात. विमानाचं पोट आभाळाकडे होतं आणि त्याच्या खालच्या, आता वर आलेल्या फ्लोटवर पालथा पडून विमान चालवणारा डंकन हात पुढे करत होता. त्याने मला लाइफ जाकिटाच्या पट्ट्याला धरून वर ओढलं. तुम्ही आला नव्हता. मी मोजायला लागले. दुसरं काय करणार? मला पोहता येत नाही. अकरापर्यंत मोजलं. अकराला तुमचं डोकं वर आलं. डोळ्यावरची पट्टी गेलेली, ओठ जांभळे, आणि तुम्ही पहिलं काय बोललात? "साडी कुठली होती? हिरवी का?"

त्याला आता नऊ वर्षं झाली, आणि तुम्हाला जाऊन सतरा दिवस. तेव्हा पाण्यात गेला नाहीत. आता हॉस्पिटलच्या कोरड्या पलंगावर, सकाळचा चहा अर्धा टाकून गेलात.

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण तुम्ही अर्ध्यात टाकून गेलात, त्याला मी काय करू? आपली शुभा म्हणाली, "आई, मंडळाच्या अंकात बाबांवर तू लिही." जन्म कुठला, नोकरी कुठे केली, ते ती लिहू दे. बेसिंगस्टोकला कॉम्प्युटरवर बसून तिला तेवढंच काम आहे. मी चौथी पास. मला वहीत नोंद करता येते. तशीच करते.

वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी विमानाचं सांगते. तुम्हाला ते ऐकायला आवडतंच.

तुम्ही जन्मभर विमानांची इंजिनं दुरुस्त केलीत. आधी नाशिककडे, मग इथे ग्लासगोजवळ. रिटायर झालात आणि घरात माझ्या मिक्सरला सुखाने जगू देईनात. तेव्हा तुमच्या कामावरचा जुना सोबती डंकन आला. सहा फूट उंच, लाल नाकाचा, बायको नसलेला. त्याने भावाच्या वाट्याची जमीन विकून कॅनडातून एक जुनं विमान आणलं होतं, खोक्यांतून, तुकड्या-तुकड्यांनी. एका इंजिनाचं. चाकांऐवजी खाली दोन लांब पोकळ होड्या, त्यांना फ्लोट म्हणतात. पाण्यावरून उडायचं, पाण्यावर उतरायचं. डंकन म्हणाला, "डॅट, मला दुरुस्तीवर सही करायला लायसन्सवाला माणूस पाहिजे." दत्तात्रय हे नाव त्याच्या तोंडात कधी मावलं नाही. तुम्ही त्याच संध्याकाळी हत्यारांची पेटी काढलीत.

ग्लासगोपासून तासाभरावर तळ्याच्या काठाला त्याची शेड होती. पहिले दोन महिने तुम्ही विमानाला हातही लावला नाहीत. नुसती त्याच्या जुन्या वह्या वाचत बसायचात. प्रत्येक विमानाच्या अशा वह्या असतात हे मला तेव्हा कळलं. कधी उडलं, किती तास, काय मोडलं, कोणी जोडलं, कोणाची सही. तुम्ही ते मला मराठीत सांगायचात, जेवता जेवता. ते विमान उत्तरेकडच्या जंगलात होतं, तिथे रस्ते नव्हते. त्याने कातडी वाहिली, बर्फात घातलेली मासळी वाहिली, टपाल वाहिलं. एका सुईणीला नेलं आणि परत येताना सुईण, बाई आणि बाळ असे तिघे आणले. एकदा प्रेत सीटवर बसवून पट्टा बांधून आणलं, कारण आडवं ठेवायला जागा नव्हती. एका वर्षी तळं गोठलं आणि ते बर्फात अडकून बसलं, घोडे लावून ओढलं. डावा पंख दुसऱ्या विमानाचा. इंजिनं पाच बदलली. आणि एकदा पाण्यात बुडालेल्या ओंडक्याला उजवा फ्लोट धडकला, तिथे आत ठिगळ मारलं होतं.

"म्हणजे ह्याच्यात त्याचं स्वतःचं असं राहिलंय काय?" मी विचारलं.

"नाव," तुम्ही म्हणालात. "आणि ह्या वह्या."

तुम्ही त्या विमानाला म्हातारी म्हणायचात. तेही मला न सांगता. एकदा तुम्ही फोनवर आपल्या कुळकर्ण्यांना सांगत होता, "म्हातारीचं काय विचारता! सकाळी लवकर सुरू होत नाही, आणि एकदा सुरू झाली की थांबत नाही. तेलही फार खाते." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. कुळकर्णी वहिनींनी खुलासा केला. मग मला आणखीच राग आला, कारण माझ्याबद्दल तुम्ही एवढं कधीच बोलला नव्हता.

मी तिथे गेले ती तुमचा डबा घेऊन. राहिले ती पंपामुळे.

फ्लोट आतून एकसंध नसतो. त्याला सहा कप्पे. एक फुटला तर बाकीच्यांनी तरंगतं ठेवावं म्हणून. प्रत्येक कप्प्याला वर एक भोक, त्याला रबरी चेंडूचं बूच. रोज उडण्याआधी चेंडू काढायचा, लांब हातपंप आत घालायचा आणि झिरपलेलं पाणी उपसायचं. पंपाचा एक ओढा म्हणजे एक हात. किती हात पाणी निघालं ते लिहून ठेवायचं. आज दोन, उद्या दोन, परवा नऊ, तर समजायचं की कुठेतरी शिवण उसवलीय. डंकनचे गुडघे गेलेले, तुमची कंबर. मी साठीला आले होते, पण लहानपणी विहिरीचं पाणी ओढलं होतं. मी म्हटलं, द्या इकडे.

डंकन म्हणाला, "मिसेस गोरे, तुम्ही पाण्यात पडाल."

तुम्ही म्हणालात, "पडली तर पाणीच बाजूला होईल."

चार वर्षं मी ते काम केलं. पायात तुमचे बूट, साडीवर तुमचं जाकीट. मी पंप मारायची, तुम्ही काठावर उभं राहून इंग्रजीत मोजायचात आणि ओरडायचात, "राइट, फाइव्ह, थ्री!" मी चेंडू बसवून, हात पुसून वहीत लिहायची. डाव्याला डा, उजव्याला उ. अक्षर माझं, आकडे इंग्रजी. इंग्रजी आकडे मला तुम्हीच शिकवलेत, आपण या देशात आलो त्या पहिल्या महिन्यात, बसचा नंबर ओळखता यावा म्हणून. ही कच्ची वही. त्यावरून तुम्ही शनिवारी पक्क्या वहीत इंग्रजीत उतरवायचात आणि खाली सही करायचात. डंकनला माझी वही फार आवडायची. उ आणि डा त्याने पाठ केले होते. "मला तुमची भाषा वाचता येते," म्हणून पबमध्ये सांगायचा.

आता त्या आठवड्याचं.

तुमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने सांगितलं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, घाण पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. तुम्ही घरी खुर्चीत, डोळ्याला पट्टी, तोंड एवढंसं. मी डंकनच्या गाडीतून एकटी गेले. पाऊस होता. डंकन शेडमध्ये वेल्डिंग करत होता. मी एक एक कप्पा उपसला. उजव्याच्या पाचव्यात पाणी संपेचना. मोजणारं कोणी नव्हतं, म्हणून मी स्वतःच मोजलं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. बोटं गारठली होती. वहीत लिहिलं, उ, पाच, तीस. वही शेडमध्ये खिळ्याला अडकवली आणि डंकनला म्हटलं, "उजवा गळतोय, वहीत लिहिलंय." तो वेल्डिंगच्या मुखवट्यातूनच म्हणाला, "आय." म्हणजे हो.

डंकनने दुसऱ्या दिवशी फ्लोट उघडून दुरुस्त केला. तीन दिवसांनी तुम्ही शेडवर गेलात. विचारलंत, "ते गळणं झालं का?" तो म्हणाला, "झालं." डोळ्याला पट्टी, म्हणून कच्ची वही न उघडताच तुम्ही सही केलीत.

त्या रविवारी मला विमानात बसायचं होतं. चार वर्षं पाणी उपसलं, पण एकदाही बसले नव्हते. म्हणून हिरवी साडी. दुरुस्तीपासून विमान काठावर कोरड्यातच होतं, म्हणून सकाळी आठला कप्प्यांत काही निघालं नाही. ते पाण्यात सोडलं, मग डोंगरावरचं धुकं हलेना, म्हणून शेडमध्ये चहा पीत अकरापर्यंत बसलो. तीन तासांत पाचवा कप्पा भरला आणि त्याच्या शेजारच्यात पाणी जायला लागलं. धुकं गेलं, वारा सुटला. आपण निघालो. तळ्याच्या मध्यावर डंकनने विमान वळवलं, वाऱ्याने डावा पंख उचलला, जड झालेला उजवा फ्लोट मागून खाली बसला, आणि उजव्या पंखाचं टोक पाण्यात गेलं. उडालोसुद्धा नव्हतो. मी त्या विमानातून आजवर उडाले नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेडमधून कच्ची वही घेऊन आलात आणि कपाटावर टाकलीत. तुम्ही आंघोळीला गेल्यावर मी ती काढून बघितली. मला वाचायचीही गरज पडली नाही. नुसतं पान दिसलं आणि कळलं. चार वर्षांची पानं इंग्रजी आकड्यांची, आणि हे एक पान माझ्या शाळेतलं. उ ५, ३०. मराठीत मोजलं म्हणून हात मराठीत गेला. आपला पाच इंग्रजांना चार दिसतो. आणि तीन आणि शून्य दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे डंकनला संशय यायचं कारणच नाही. त्याने चौथा कप्पा उघडला होता.

तुम्ही डोकं पुसत बाहेर आलात. मी म्हटलं, "चूक माझी आहे."

तुम्ही म्हणालात, "सही माझी आहे."

बस. नऊ वर्षं हेच. मी म्हणायचं, चूक माझी. तुम्ही म्हणायचं, सही माझी. चौकशीला माणसं आली तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत, "मी कप्पे तपासले नाहीत आणि तपासले म्हणून सही केली." एवढंच. ते खरंही होतं. कच्ची वही त्यांनी मागितली नाही आणि तुम्ही दिली नाहीत. मग स्वतःच लायसन्स पाकिटात घालून परत पाठवून दिलंत. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला कोणी काही विचारलं नाही. पंप मारणारी बाई, तिला काय विचारायचं?

डंकनने तुमच्याशी बोलणं टाकलं. तो निघताना अंगणात म्हणाला होता, "तू बघितलंस असं धरून मी तुझ्या बायकोला आत बसवलं, डॅट." तुम्ही मान खाली घातलीत. मी खिडकीतून ऐकत होते. मला तेव्हाच वही घेऊन बाहेर यायचं होतं. तुम्ही मागे वळून माझ्याकडे नुसतं बघितलंत आणि मी थांबले. ते माझं चुकलं. पहिली चूक बोटांची होती, ही दुसरी माझ्या डोक्याची.

तुम्ही वाईट दिसलात, अहो. ग्लासगोभर. "गोऱ्यांचे डोळे गेले तरी सही करत होते," असं मंडळाच्या गणपतीत एकजण म्हणाला, मोदक खाता खाता. तुम्ही त्याला आणखी एक मोदक वाढलात. रात्री मी म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. तुम्ही म्हणालात, "काय सांगणार? की माझ्या बायकोने पाच पाचसारखा काढला?"

मला हसू आलं. म्हणून मी गप्प बसले. तुम्ही नेहमी हेच केलंत, मला हसवून गप्प केलंत.

पण मला राग कशाचा आहे ते आता ऐका, कारण तेव्हा तुम्ही ऐकून घेतलं नाहीत. लोकांना वाटेल, केवढा मोठ्या मनाचा नवरा. शुभालाही तेच वाटतं. मी फोनवर तिला सांगितलं तर ती म्हणते, "आई, बाबा वॉज जस्ट बीइंग काइंड. तू कशाला आता उकरते? ते चूक कोणाचाच नव्हता." मी म्हटलं, चूक ही बाई असते, नव्हती म्हण. आणि कोणाची नव्हती कशी? माझी होती. चार वर्षं मी रोज बारा कप्पे उपसले. थंडीत, पावसात. मी केलेल्या नोंदींवर माणसं पाण्यावर जात होती. ते काम होतं. शाळा सोडल्यानंतर मी केलेलं पहिलं काम, ज्याची नोंद राहत होती. मग ते काम जर खरं, तर त्यातली चूकही खरी. तुम्ही चूक उचलून स्वतःच्या खिशात घातलीत, आणि तिच्याबरोबर माझी चार वर्षंही गेली. लहान पोराने काचेचा पेला फोडला तर बाप म्हणतो, जाऊ दे, माझाच धक्का लागला. तसं केलंत. मी पोर नव्हते. मी तुमच्या विमानावरची कामगार होते.

हे तुम्हाला सांगायचं राहिलं. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात मी सुरुवात केली होती. म्हटलं, "अहो, ती चूक माझी होती." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "चहा गार झाला का बघ." झाला होता. मी नर्सकडे दुसरा मागायला गेले. परत आले तर तुम्ही झोपला होतात.

आणि दुसरंही एक राहिलं. पाण्यात तुम्ही माझ्यानंतर अकरा मोजेपर्यंत आत होता. का, ते मी कधी विचारलं नाही. डंकन म्हणतो, तुमचं लाइफ जाकीट आतच फुगलं होतं, त्यामुळे तुम्ही वर, म्हणजे उलट्या विमानाच्या तळाला, चिकटला होता. म्हणजे मला बाहेर लोटलंत तेव्हाच तुम्हाला कळलं असणार की आपण अडकलोय. तुम्ही बोलला नाहीत, मी विचारलं नाही. आपल्यात थँक्यू म्हणायची पद्धत नाही. मी त्या रात्री आंबलेल्या कणकेच्या भाकऱ्यांसारख्या जाड पोळ्या केल्या आणि तुम्हाला तूप जास्त वाढलं. तुम्हाला ते कळलं असेल तर बरं.

डंकन तुमच्या अंत्यविधीला आला होता. मागच्या रांगेत उभा, टोपी हातात. नऊ वर्षांत नाक आणखी लाल झालंय. मी त्याला म्हटलं, "गुरुवारी चहाला ये." तो नको म्हणणार होता. मी म्हटलं, "डॅटचं काम आहे."

गुरुवारी आला, बिस्किटांचा पुडा घेऊन. मी चिवडा दिला. कपाटावरची वही काढली आणि ते पान उघडून त्याच्यापुढे ठेवलं. त्याचं बोलणं मी मराठीत लिहिते. तो काही मराठीत बोलला नाही, पण माझी इंग्रजी लिहिण्यापेक्षा ते बरं.

"हा काय आकडा आहे?" मी विचारलं.

"चार."

"पाच."

"नाही, मिसेस गोरे. हा चार आहे."

"आमच्या शाळेत हा पाच आहे. चार असा." मी काढून दाखवला, ४.

"हा तर आठ!"

"आणि हा एक." १.

"हा नऊ आहे. देवा! तुम्ही लोक हिशेब कसे करता?"

"आम्ही नीट करतो. तुम्ही नीट वाचत नाही."

तो हसला आणि मग त्याचं हसणं थांबलं. चिवड्याची बशी बाजूला सारून त्याने वही जवळ ओढली. मागची पानं चाळली, पुढची चाळली. पुन्हा त्या पानावर आला. मी म्हटलं, "तू चौथा उघडलास. मी पाचवा लिहिला होता. चूक माझी. डॅटला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तो बोलला नाही, आणि त्याने मला बोलू दिलं नाही. त्याने खोटं नाही सांगितलं. अर्धं सांगितलं."

डंकन म्हणाला, "चौथा कोरडा होता."

मला कळलं नाही.

"मी उघडला तेव्हा चौथा कप्पा कोरडा ठणठणीत होता. तीस हात पाणी निघालेला कप्पा रात्रभर पाण्यात राहून कोरडा कसा असेल? मी सबंध दिवस त्यात डोकं घालून बसलो. एक रिव्हेट जरा ढिला वाटला. त्याला फटी बुजवायचं सीलंट फासलं, झाकण लावलं. डॅटने विचारलं तेव्हा, गळती सापडली नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून म्हटलं, झालं."

"त्याने कितवा ते विचारलं नाही?"

"नाही. त्याने विचारलं असतं तर मी चार म्हणालो असतो, आणि त्याला तिथेच कळलं असतं. ठिगळ पाचव्यात होतं, जुन्या वहीत आहे. त्याला तो इतिहास पाठ होता." त्याने नाक पुसलं. "नऊ वर्षं मी त्याच्यावर चिडून राहिलो. स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोपं होतं."

बघा. तुम्ही म्हणत होता सही माझी. मी म्हणत होते चूक माझी. आणि हा एक लाल नाकाचा माणूस तिकडे तिसराच हिस्सा घेऊन एकटा बसला होता. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर तोही बोलला असता. तुम्ही त्याच्यावर आणि माझ्यावर दया केलीत. पण नऊ वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना भेटला नाहीत. रविवारी खिडकीशी बसून आकाशात विमान ऐकलं की तुम्ही त्याचं इंजिन ओळखायचात, आणि सांगायला कोणी नसायचं. मला सांगायचात. मी म्हणायची, असेल. ती दया महाग पडली, अहो. तुम्हालाच.

मी डंकनला हे बोलले नाही. त्याला आणखी चहा दिला.

मग त्याने विमानाचं सांगितलं. तळ्यातून काढल्यावर ते कोणीतरी इंग्लंडला नेलं, फ्लोट काढून चाकं बसवली. आता ते गवतावरून उडतं. नव्या मालकाने डंकनला मागे पत्र लिहिलं होतं, तो म्हातारीचा सगळा इतिहास जुळवतोय. कॅनडापासूनचं सगळं आहे, पण ह्या अपघाताच्या जागी फक्त दोन ओळी आहेत, इंजिनिअरने कप्पे तपासले नाहीत एवढ्याच. अजून काही माहिती असेल तर पाठवा. डंकनने उत्तर दिलं नव्हतं.

"दे," मी म्हटलं.

"तुमचं नाव घालायचं? नक्की? डॅटला आवडलं नसतं."

"डॅटला माझा दुधी पण आवडायचा नाही. मी करायचीच."

तो लिहायला बसला, तुमच्या टेबलाशी. मी सांगत गेले, तो इंग्रजीत उतरवत गेला. मधे मधे आमचं भांडण झालं. त्याला लिहायचं होतं की वही मिसेस गोरे मदत म्हणून ठेवत असत. मी म्हटलं, मदत नाही. कप्पे उपसायचं आणि नोंदीचं काम माझ्याकडे होतं, असं लिही. तो म्हणाला, बरं. मग त्याला स्वतःचं सीलंट गाळायचं होतं. मी म्हटलं, तेही लिही, नाहीतर मी मराठीत लिहीन आणि तुला वाचता येणार नाही. त्याने लिहिलं. तुमचं लिहिताना तो थांबला. मी म्हटलं, लिही, त्याने कितवा कप्पा ते विचारलं नाही आणि सही केली. आणि पुढे लिही की गळती कुठल्या कप्प्यात होती हे त्याला अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कळलं, आणि त्याने दोघांचं नाव घेतलं नाही. हे दोन्ही लिही. एक लिहून दुसरं गाळलंस तर तो माणूस तसा नव्हता.

पानाची फोटोकॉपी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन काढली. ५ च्या खाली मी इंग्रजी पाच काढला, म्हणजे त्या मालकाला घोळ नको. डंकनने सही केली. मग मी केली. बँकेत करते तशी, इंग्रजीत, हळूहळू. तुमच्या सहीसारखी झोकदार नाही. पण ती माझी आहे, आणि कशाखाली केली ते मला ठाऊक आहे. आता सही माझी पण आहे. बोला.

बोलणार नाही तुम्ही. सतरा दिवस झाले, घरात कोणी मोजत नाही. सकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. रडत नाही. तुम्हाला रडणं आवडायचं नाही आणि मला जमत नाही. शुभा म्हणते, माझ्याकडे चल. बघू. तिथे तळं नाही.

डंकनने वाचून दाखवलं तेव्हा शेवटच्या ओळीला आम्ही अडलो. अशा नोंदीच्या शेवटी विमानात कोण होतं आणि त्यांचं काय झालं ते लिहायचं असतं. त्याने विचारलं, डॅटचं आता काय लिहू? मी म्हटलं, आजचं नको, त्या दिवसाचं लिही. त्याने लिहिलं ते असं: विमानात तीन माणसं होती, डंकन, दत्तात्रय गोरे आणि सुमन गोरे. तिघंही जिवंत बाहेर आली.